विहिरीत कोण वाकलं

मु. वायंगणखोल, ता. मालवण
१२ सप्टेंबर २०२५

चि. परशुराम यास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. पाऊस अजून जायचं नाव काढत नाही. भात पोटरीला आलंय. गणपती आले, मोदक खाल्ले आणि गेले. तू आला नाहीस. आरतीला तुझे टाळ खुंटीवरच होते, ते शेजारच्या सत्यवानाने वाजवले. तुझ्यापेक्षा तालात वाजवले, हे मी म्हटलं नाही. लोक म्हणाले.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

मी बोलतेय आणि सिसिलियाबाई लिहितायत. रसिकेला प्राथमिक शाळेत शिकवायच्या त्याच, चर्चमागच्या. आता निवृत्त झाल्या, घरी नुसत्या बसून कंटाळतात, म्हणून माझ्या तावडीत सापडल्या. मी मालवणीत सांगते, त्या पुस्तकी करून घेतात. माझा एखादा शब्द हटूनच बसला तर तसाच राहू देतात. शिव्या मात्र गाळतात. तेव्हा पत्र वाचताना मध्येच मी फार गोड बोलतेय असं वाटलं, तर तिथे काय होतं ते तुझं तू समजून घे.

रसिका श्रावणात आली. पाठीवर बॅग आणि हातात चाफ्याची फांदी, फोंडाघाटात गाडी थांबली तेव्हा कोणीतरी दिली म्हणे. मी विचारलं, “किती दिवस गो?” तर म्हणाली, “सुट्टी आसा.” मला अक्षर वाचता येत नाही, पण तोंड वाचता येतं. सुट्टीवर आलेलं माणूस पहिल्या दिवशी झोपतं. ही पहिल्या दिवशी पायरीवरचं शेवाळ खरवडत बसली. मग माळा साफ केला. मग नारळ सोलायला घेतले, ते सोलायचे नव्हते तेही सोलले. लॅपटॉप तांदळाच्या पिंपावर ठेवलाय, वर माझं जुनं लुगडं टाकलंय, मेलेल्या माणसासारखं. तांदूळ काढायला मी रोज तो उचलून बाजूला ठेवते आणि परत वर ठेवते. तिने एकदाही उघडला नाही.

मी आधी तुझ्याविषयी काही विचारलं नाही. काकांकडे कामाला आहे, म्हणजे घरच्याच माणसाकडे आहे, असं मी गावभर सांगत होते. तिचा बाप, आपला गुरुदास गेला तेव्हा तेराव्याला मीच तिचा हात तुझ्या हातात दिला होता. “पोरीक डोक्या बापाशीचा दिल्यान देवान, तिका वाव दी,” असं मी म्हटलं होतं. तुला आठवत नसेल. तू तेव्हा फोनवर होतास.

तिचं काम काय ते मला तिनेच समजावलंय, मागच्या वैशाखात, ओटीवर बसून. म्हणाली, “आजी, जमिनीचो काळ म्हंजे केवढो, तुका सांगून पटूचा नाय. तेचे भाग केलेत, भागांक नावां दिल्यानी. मशिनीक ती नावां पाठ आसत. पण कोण कोणाचो कोण, ता ठावक नाय.”

म्हटलं, “म्हंजे नवी सून.”

“तशीच! घरातल्या सगळ्यांची नावां तिका येतत. पण जेवूक कोणाक आधी वाढूचा, ता कळणा नाय. मी ती नाती लिवतंय.”

मग तिने बोटांवर मोजून मला नाती सांगितली. एक काळ दुसऱ्याच्या आधी. एक दुसऱ्याच्या पोटात. एक दुसऱ्याला लागून. आणि म्हणाली, नात्यालाही स्वभाव असतो, खरं काम ते ओळखायचं आहे. ‘आधी’ आणि ‘मागून’ ही जोडीने राहतात. एक लिहिलं की दुसरं मशीन आपलं आपण समजतं. पणजो आज्याच्या आधी आणि आजो बापाच्या आधी, म्हणजे पणजो बापाच्या आधी, हेही वेगळं सांगावं लागत नाही. पण पणजो आज्याला लागून आणि आजो बापाला लागून, म्हणून पणजो बापाला लागून होतो का? नाही. मधे आजो बसलाय. “हे दोन स्वभाव एकात मिसळले ना आजी,” म्हणाली, “की मशीन पणजोबाक नातवाच्या मांडीवर बसयता.” मी इतकी हसले की तंबाखू घशात गेली.

आणखी एक सांगितलं, ते माझ्या मनात राहिलं. म्हणाली, काळ कुठे संपला याची खूण कोणी करत नाही. पुढचा कुठे सुरू झाला, तेवढीच खूण करतात. तो सुरू झाला की आधीचा संपला.

हे सगळं तिने कागदावर आपल्या विहिरीचं चित्र काढून दाखवलं. तळाला काळा फत्तर, त्यावर शिंपल्यांचा थर, त्यावर तांबडी माती. विहीर उपसायला माणसं आली होती तेव्हा कमरेला दोर बांधून उतरली होती ती. मी वरून ओरडत होते, ती खालून हसत होती. संध्याकाळपर्यंत वर आली नाही. वर आली तेव्हा केसांत शिंपले आणि डोळ्यांत काय होतं, ते बाई, तुम्हीच लिहा. बाई म्हणतात, ‘तेज’ लिहूया. लिहा.

आता मुद्द्याला येते. गणपतीत सिसिलियाबाई पेपर घेऊन आल्या. “मथुराकाकी, तुमच्या झिलाचो फोटो इलोहा.” आला होता. शाल, गॉगल, सगळं. ‘जिल्ह्याचा सुपुत्र.’ बाईंनी मोठ्याने वाचलं. तू नवीन पुस्तक लिहिलंस. काळाच्या नात्यांची रचना केलीस. डिसेंबरात परदेशात मोठी सभा आहे, तिथे तुझी रचना मान्य झाली की सगळ्या देशांत तीच वापरणार, मग ती बदलता येणार नाही. मला अभिमान वाटायला लागला होता. मग बाईंनी पुढची ओळ वाचली. हे सुचलं कसं, असं त्यांनी तुला विचारलं, तर तू म्हणालास: “लहानपणी घरच्या विहिरीत तासन्‌तास वाकून पाहत असे. ते थर मनात कोरले गेले.”

आणि शेवटी: टंकलेखनाच्या साहाय्याबद्दल पुतणी कु. रसिका हिचे आभार.

रसिका दारात उभी होती. म्हणाली, “बाई, चाय घेतलास?” आणि आत गेली.

परशुरामा, मी तुझी आई. दुसऱ्या कोणाला सांग की तू विहिरीत वाकलास. पोहऱ्याच्या दोरीला लटकलास तेव्हा तू दुसरीत होतास. गुरुदास तुझ्याहून लहान, त्यानेच केस धरून तुला वर ओढलं होतं. त्या दिवसापासून तू विहिरीच्या कडेला गेला नाहीस. पाणी काढायचं असलं की फणसाखाली उभा राहून हाक मारायचास. जत्रेच्या दिवशी घरातल्या थोरल्याने विहिरीत वाकायचं, पाण्यात आपलं तोंड बघायचं आणि नारळ सोडायचा, ही आपल्या घराची चाल. मान तुझा. पण दरवर्षी वाकला कोण? तू मागून त्याच्या सदऱ्याला धरून उभा राहायचास, गुरुदास वाकायचा, आणि नारळ तुझ्या नावाने पाण्यात पडायचा. गुरुदास गेल्यावर मी वाकते.

तेव्हा मला तिचा शब्द पुरेसा आहे, आणि विहिरीच्या कडेला तुला येणारी चक्कर पुरेशी आहे.

पेपरात आहे की जत्रेला तू पाहुणे घेऊन येतोयस, शास्त्राची मोठी माणसं, त्यांना ती विहीर दाखवणार. ये. अवश्य आण. त्याआधी पुस्तकावर तिचं नाव जागेवर आलं, तर नारळ नेहमीसारखा मी सोडीन आणि तू फणसाखाली उभा राहा, कोणाला कळणार नाही. नाही आलं, तर मान थोरल्याचा.

कठड्यावरचं गवत मी काढून ठेवते. तुला स्वच्छ दिसलं पाहिजे.

प्रकृतीला जप.

तुझी आई
मथुरा
(डाव्या अंगठ्याचा ठसा)

*

मु. वायंगणखोल, ता. मालवण
३० नोव्हेंबर २०२५

श्री. परशुराम यांस,

‘चिरंजीव’ लिहायला बाईंनी पेन टेकवलं होतं, मी थांबवलं. बाहेरच्या माणसाला काय लिहितात विचारलं, त्या म्हणाल्या ‘श्री.’ घाबरू नकोस, तू भरपूर जगावंस अशीच माझी इच्छा आहे. लाज वाटायला आयुष्य लागतं.

आधी पोच. तू पाठवलेली पैठणी मिळाली. सोबतची चिठ्ठी बाईंनी वाचून दाखवली: “आई, हे विषय तुला कळायचे नाहीत.” खरं आहे. पैठणी भाजीच्या मळ्यातल्या बुजगावण्याला नेसवली. वानरं वांगी तशीच खातात, पण आता जरा अदबीने येतात.

तू जत्रेच्या दिवशी न जेवता गेलास, त्यामुळे पुढे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते कळवण्यासाठी हे पत्र. बाईंच्या चर्चमध्ये फेस्ताची तयारी चाललीय, तरी त्या वेळ काढून आल्यात. म्हणतात, “काकी, सूड वाईट. पण पुढे काय झालां ता सांगा.”

सकाळी शाळेत तुझा सत्कार झाला. तू हार घालून घ्यायला खाली वाकलास, ते मी नीट बघून ठेवलं. मग पाहुणे घरी आले. सगळे विहिरीशी जमले. वाडीतली माणसंही होती, कारण मी सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. तू फणसाखाली उभा राहिलास. जागा तीच, फणस मात्र म्हातारा झालाय.

सत्यवानाला गाऱ्हाणं घालायला मी सांगितलं होतं, आणि काय घालायचं तेही सांगितलं होतं. तू ऐकलंस, पण पाहुण्यांशी इंग्रजीत बोलत होतास, म्हणून काही निसटलं असेल. ते इथे परत देते.

“बा देवा म्हाराजा! मथुराबायच्या घराकडे आज पुण्याचे पावणे इले, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या बावीत जो वाकलो, जो उतरलो, तेचा नाव पुढे कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो न वाकताच वाकलंय म्हणान सांगता, तेका एकदा तरी वाकूची बुद्धी दी रे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा’ सगळ्यात मोठ्याने कोण म्हणालं? सिसिलियाबाई. म्हणतात, “चुकून तोंडातून गेलां.” कबुली द्यायला त्या येत्या रविवारी जाणार आहेत.

मग मी नारळ पुढे केला. “परशुराम, ये. मान तुझो.” तू म्हणालास, “आई, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय. कंबर.” मी म्हटलं, “रे, सकाळी हार घालून घेताना खंय गेल्ली कंबर?” वाडी हसली. पाहुणेही हसले, काय ते न कळता. तू हसलास, पण तुझा पाय पुढे आला नाही. मला वाटत होतं, येशील. एवढ्या माणसांत, माझ्या तोंडाकडे बघून तरी एक पाऊल टाकशील. मी हात पुढे धरून ठेवला होता. नारळ जड होता.

मग तुझ्या पाहुण्यांतली ती करडे केस कापलेली बाई कठड्याशी गेली. तुझं पुस्तक तिच्या हातात होतं, विहिरीचं पान उघडलेलं. तिने वाकून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, “सर, शिंपले कुठल्या बाजूला?”

तू फणसाखालून म्हणालास, “सगळीकडे. गोल थर आहे.”

आणि रसिका बोलली. श्रावणापासून चहा आणि नारळ यापलीकडे न बोललेली पोर. “नाही. फक्त समुद्राच्या अंगाला आहे. उगवतीकडे शिंपले नाहीतच.” म्हणाली, तिथे काळा फत्तर वर आलाय आणि तांबडी माती थेट त्याच्यावर बसलीय. एकाच विहिरीत एका बाजूला काळ्याला शिंपले लागून, दुसऱ्या बाजूला काळ्याला माती लागून. पण काळा मातीच्या आधी, हे दोन्हीकडे खरंच. “म्हणूनच,” म्हणाली, “‘आधी’ आणि ‘लागून’ ही दोन नाती मला वेगळी करावी लागली. दोराला लटकत असताना सुचलं ते.”

चित्र तिने समुद्राच्या बाजूचंच काढलं होतं, त्यामुळे तुझ्याकडे तीच बाजू होती. न उतरणाऱ्याला दुसरी बाजू कुठून ठाऊक असणार?

त्या बाईने पुस्तकाकडे पाहिलं, मग रसिकेकडे, मग फणसाकडे. तू घड्याळ बघितलंस आणि ड्रायव्हरला हाक मारलीस. इथवर तुला ठाऊक आहे.

आता पुढचं. गाडी वळणाच्या पलीकडे गेली तेव्हा मी नारळ रसिकेच्या हातात दिला. सत्यवान म्हणाला, “काकी, थोरलो जिवंत असताना धाकट्याचा चेडू?” मी म्हटलं, “थोरलो खंय आसा? दाखव माका.” ती वाकली. पाण्यात तोंड बघितलं. खूप वेळ बघत राहिली. मग नारळ सोडला. आवाज आला तो मला गुरुदासाच्या वेळेसारखा वाटला. बाई, हे गाळा. बाई म्हणतात, त्या शिव्याच गाळतात.

तुझे पाहुणे जेवूनच गेले. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. तुझं ताट मी झाकून ठेवलं होतं. का ते विचारू नकोस. सकाळी ते गाईला घातलं. ती वाकून जेवते.

ती बाई मात्र राहिली. म्हणाली, दशावतार बघायचाय. दशावतार बघितलाच नाही. ओटीवर रसिकेच्या शेजारी मांडी घालून बसली आणि रसिका आत आली, पिंपावरचं लुगडं ओढलं आणि लॅपटॉप घेऊन गेली. दोघी काय बोलल्या मला कळलं नाही, पण भांडल्या चांगल्या. एकमेकींच्या बोलण्यात बोलत होत्या, हातवारे करत होत्या. अशी भांडणं मी फक्त बरोबरीच्या बायकांत पाहिलीत. टायपिस्टाशी कोणी असं भांडत नाही.

जाताना त्या बाईने माझे हात धरले. म्हणाली, डिसेंबरातल्या सभेला ती असणार आहे. तुझ्यावर आरोप करायला ती उठणार नाही, तिला तशी सवय नाही. ती फक्त एकच विचारणार: “सर, उगवतीकडचं काय?” तेवढंच. मग तू सांग, सगळ्या देशांसमोर.

म्हणून तुला हे आधी कळवतेय. माया म्हण किंवा दुष्टावा म्हण. न सांगता तुला तिथे उभं केलं असतं तर एका दिवसात आटोपलं असतं. आता सभेपर्यंत रोज रात्री तुला ती बाजू दिसेल.

तू दोनपैकी एक कर. सभेआधी पुस्तकावर तिचं नाव घाल, आभारात नाही, वर, जिथे तुझं आहे तिथे आणि तुझ्या आधी. मग गाऱ्हाण्यात तुझंही नाव परत येईल. आधी तिचं. तुझं मागे गेलं हे वेगळं सांगावं लागणार नाही, तू ज्याच्यावर शाली घेतोस त्याच पुस्तकात तसं लिहिलंय. नाही घातलंस, तर उगवतीकडचं सांगण्याची तयारी कर.

तुझा काळ संपला असं मी म्हणणार नाही. तशी खूण कोणी करत नाही. मी फक्त हिचा सुरू झाला ती खूण केली, जत्रेच्या दिवशी, कठड्यापाशी, सगळ्यांसमोर.

विहिरीचं पाणी अजून गोड आहे. पुढच्या जत्रेला यायचं असेल तर ये. फणस मी तोडणार नाही.

एक राहिलं. मागच्या पत्राखाली नुसतं माझंच नाव गेलं. लिहिलं बाईंनी आणि त्यांचं नाव घालायचं राहून गेलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी जाऊन मी ‘चुकलंय’ म्हटलं. दारात उभं राहून म्हटलं. काही मरायला झालं नाही. इतकं सोपं असतं ते. या खेपेला खाली नीट घातलंय, बघ. मी न शिकलेली बाई, पण कोणाचं काय ते मला कळतं.

शब्द मथुरेचे.
अक्षर सिसिलिया फर्नांडिस यांचं.